माजाच्या इंजेक्शनाने गाय वांझ होत नाही

‘माजावर आणायची इंजेक्शनं गाय कायमची वांझ करतात, ते दूध पोरांना विष आहे, पूर्वी गायी इंजेक्शनाशिवायच गाभण राहायच्या’ असा मजकूर दूध उत्पादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतोय. त्यावर विसंबून चांगल्या गायींना बाजार दाखवू नका.

आधी वांझपण. गाय गाभण नसेल तर साधारण सोळाव्या-सतराव्या दिवसापासून तिचंच गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन हे हार्मोन सोडतं, बीजांडकोषावरचं पीतपिंड (माज रोखून धरणारी गाठ) विरतं आणि २१ दिवसांच्या आसपास माज येतो. इंजेक्शन हेच काम ठरवलेल्या दिवशी करतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ओव्हसिंक या ठरल्या वेळी रेतनाच्या पद्धतीत पहिल्या दिवशी जीएनआरएच (बीजांड सुटायला लावणारं हार्मोन), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि नंतर १६ ते २० तासांत रेतन. यात बीजांडकोष निकामी होत नाही. मुळात इंजेक्शन मिळतं ते आधीच उलटणाऱ्या (रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या) किंवा माजावर न येणाऱ्या गायीला. ती गाभण राहिली नाही की खापर इंजेक्शनावर.

एक धोका मात्र खरा आहे. प्रोस्टाग्लँडिन गाभण गायीला टोचलं तर ती गाभडू शकते. म्हणून हात घालून तपासल्याशिवाय ते देऊ देऊ नका. गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने ती बाटली हाताळूच नये.

दुधाचं म्हणाल तर प्रोस्टाग्लँडिनचा बहुतेक भाग फुप्फुसातच मोडतो, आणि माजासाठी कधी वापरलं जाणारं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन कुठल्याही गाभण गायीच्या दुधात असतंच. लोक गल्लत करतात ती पान्ह्याच्या इंजेक्शनाशी, म्हणजे ऑक्सिटोसिनशी. धार काढायला ते रोज टोचणं क्रूरपणा आहे, १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात त्याला बंदी आहे, आणि त्यावरचा संताप रास्तच आहे.

राहिलं ‘पूर्वी’. तेव्हा खिल्लार, डांगी अशा देशी गायी थोडं दूध द्यायच्या आणि कळपातला वळू माज हुडकायचा. आजची संकरित एचएफ (होल्स्टीन) गाय व्याल्यावर दोन महिने खाते त्याहून जास्त दुधात ओतते, अंगावरची चरबी झिजवते. तिचा माज मुका (बाहेरून फारसा न दिसणारा) आणि तोकडा. पहाटे तीनला शेपटीला माजाचा काचेसारखा चिकट सोट (स्राव) लोंबतो, सकाळी धारेच्या वेळी त्याची वाळलेली पापडी तेवढी उरते. मग रेतनाची वेळ हुकते.

व्याल्यावर बरगड्या वर आलेल्या गायीला मात्र कुठलंही हार्मोन पुरं पडत नाही. तिला आधी खुराक, खनिज मिश्रण आणि जंताचं औषध द्या. ती अंग धरू लागली की डॉक्टरकडून तपासून घ्या, इंजेक्शनाचं त्यानंतर.