अस्वल, एके-47 आणि थ्री नॉट थ्री

दर नोव्हेंबरात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. कुणीतरी 26/11 चा फोटो टाकतं. मग कुणीतरी लिहितं, 'एके-47 समोर आपले पोलीस थ्री नॉट थ्री घेऊन उभे होते, लाज वाटते.' त्यावर आमचे मामा एकच ओळ टाकतात, 'हत्याराला नावं ठेवू नका.' मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले. ती रायफल त्यांनी वर्षानुवर्षं खांद्यावर वागवली आहे. भाचेमंडळी मग 1962 उकरून काढतात आणि रात्री उशिरापर्यंत टुणटुण चालू राहते.

मी हे सगळं कॅनडात, ऑन्टारिओतल्या केंब्रिज गावात बसून वाचते. इथून वाचताना मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात.

याला कारण माझं गावही आहे. केंब्रिजचा माझ्याकडचा भाग म्हणजे जुनं गॉल्ट. 1831 साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला जेम्स पॅरिस ली लहानपणी आईवडिलांबरोबर इथे आला आणि इथेच वाढला. पुढे त्याचा बोल्ट (दर गोळीला हाताने मागेपुढे ओढायचा खटका) आणि मॅगझिन, त्याला एनफिल्ड कारखान्याची नळी, असं जमून 1895 साली ब्रिटिश सैन्याची ली-एनफिल्ड रायफल झाली, म्हणजेच आपली थ्री नॉट थ्री. ती साम्राज्याबरोबर जगभर गेली. आपल्याकडे बंगालात इशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनत राहिली. मामांनी ज्या बोल्टवर आयुष्यभर हात मारला, तो आमच्या गॉल्टच्या पोराच्या डोक्यातून निघालेला. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'मग त्याला सांग, पावसाळ्यात लाकूड फुगतं.'

कॅनडाच्या उत्तरेत रेंजर्स नावाचं राखीव दल आहे. 1947 पासूनचं. लाल स्वेटशर्ट घालणारे हे पाचेक हजार लोक, त्यांतले बरेचसे तिथलेच आदिवासी, बर्फातल्या ओसाड मुलखावर नजर ठेवतात. त्यांच्याकडे सत्तर वर्षं हीच ली-एनफिल्ड होती, दुसऱ्या महायुद्धातली. इथे त्याची लाज वाटल्याचं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. माझा एक सहकारी उत्तरेकडच्या जेम्स बे या उपसागराच्या बाजूचा. त्याचे वडील रेंजर होते. तो सांगतो, उणे चाळीसमध्ये बाहेर पडायचं तर बोल्टवरचं तेल आधी पुसून कोरडं करायचं, नाहीतर तेल गोठतं आणि बोल्ट हलत नाही. मामांचं अगदी उलटं. पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंधी लावून ती नळीतून ओढायची आणि वर तेलाचा हात, नाहीतर दमट हवेत दोन दिवसांत गंज. रायफल एकच, एकीला तेल वर्ज्य, दुसरीला तेलाशिवाय जगणं नाही.

रेंजर्सच्या त्या रायफली अलीकडे बदलल्या. कारण साधं होतं, सुटे भाग मिळेनात. आणि बदलून काय घेतलं? पुन्हा हाताने बोल्ट ओढायचीच रायफल, सी-19. मूळ आराखडा फिनलंडचा, बनते किचनरमध्ये, म्हणजे लीच्या गॉल्टपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. कुणी म्हटलं नाही की जग स्वयंचलित झालं, आपण मागे का. समोर पांढरं अस्वल आणि थंडी असेल तर कमी भागांची, न अडकणारी रायफल हवी, एवढाच हिशोब.

आता हीच रायफल मुंबईच्या सीएसटी स्थानकावर ठेवा. तिथे ती कमी पडली, यात वाद नाही. एक गोळी झाडून बोल्ट ओढेपर्यंत समोरून डझनभर येतात. पण ग्रुपवरचे माझे भाऊ यातून जो निष्कर्ष काढतात, 'जुनी फेका, नवी द्या', तो मला पटत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी 2020 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात थ्री नॉट थ्रीला समारंभाने निरोप दिला. तिच्या जागी इन्सास आली आणि एसएलआर आली, दोन्ही पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफली. यातल्या एसएलआरचा आराखडा मुळात 1950 च्या आसपासचा. म्हणजे आजीला निरोप देऊन मावशीला बसवलं. आणि भरगर्दीच्या फलाटावर एसएलआरची गोळी एका माणसात थांबेलच याची खात्री काय? फलाटावरच्या शिपायाला कुठलं हत्यार हवं, हा प्रश्न वयाच्या वादात कुणी विचारतच नाही.

कॅनडातले लोक फार शहाणे आहेत असंही नाही. 2022 च्या अखेरीस सरकारने बंदुकांच्या विधेयकात दुरुस्ती सुचवून बंदीच्या यादीत एसकेएस ही जुनी सोव्हिएत रायफल घालायचं ठरवलं. शिकारीवर पोट भरणाऱ्या आदिवासींनी आणि इतरांनी गदारोळ केला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. 1962 साली चिनी जवानांच्या हाती असलेली अर्धस्वयंचलित रायफल ही हिचीच चिनी बहीण. तिच्यापुढे आपली थ्री नॉट थ्री तोकडी पडली म्हणून आपण साठ वर्षं हळहळतोय, आणि इथे ती कुणाच्या तरी हिवाळ्याच्या मांसाची सोय आहे. इथलाही वाद रायफलीच्या रूपावर चालला, ती कुणाच्या हातात आणि कशासाठी, यावर कमी.

मामांना मी परवा फोन केला. रेंजर्सना सरावासाठी वर्षाला दोनशे राउंड मिळायचे, हे सांगितलं.

'दोनशे?' मामा म्हणाले. 'दरवर्षी?'

'हो. दरवर्षी.'

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मामांच्या वार्षिक फायरिंगला राउंड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळायचे, आणि ज्या वर्षी माल आला नाही त्या वर्षी तेवढेही नाहीत. मग त्यांनी विचारलं, 'आणि रिकाम्या पुंगळ्या? त्या मोजून परत घेतात का?'