ट्रेडल घेताना पितळी पाटी वाचू नका

६ सप्टेंबर १५५६ रोजी छापखाना गोव्यात उतरला (खरं तर तो निघाला होता अ‍ॅबिसिनियाला), हे आपण कौतुकाने सांगतो. जत्रेची हँडबिलं, लग्नपत्रिका, बिलबुकं मात्र छापली ती ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छोट्या छपाई यंत्रावर, आणि ती ट्रेडलं आपण किलोच्या भावाने भंगारात घातली. आता डायकटिंगसाठी (पात्यांच्या साच्याने कागद-पुठ्ठा हव्या आकारात कापायला) तीच शोधणारे पाटीवरचं कंपनीचं नाव बघून पैसे मोजतात. हे साफ उलटं आहे.

नावं ढीगभर, पण मुख्य घराणी दोनच. पहिलं न्यूयॉर्कच्या जॉर्ज गॉर्डनचं, १८५० च्या दशकातलं. बेड (खिळे, म्हणजे टाइप, बसतो ती बाजू) आणि प्लेटन (कागद ठेवायची दाबपाटी) खालच्या बिजागरीवर तिसऱ्याच्या शिंपल्यासारखे मिटतात. नॉटिंगहॅमच्या क्रॉपरची 'मिनर्व्हा' याच जातीची. १८८१ पासूनची क्लीव्हलंडची चँडलर अँड प्राइससुद्धा. दुसरं मेरिट गॅलीचं, १८६९ चं. त्यात प्लेटन आधी बेडसमोर समांतर येतं, मग सपाट पुढे सरकून दाबतं. जर्मन 'व्हिक्टोरिया' या घराण्यातली. कटिंगला हीच घ्या. गॉर्डनवर खिळ्यांचा फर्मा (जुळवून आवळलेला मजकूर) सुरेख उठतो, पण डायची लांब पाती एकदम दाबायला लागलात की बिडाचे साइड आर्म (दाब देणारे बाजूचे दांडे) तडकतात.

हायडेलबर्गची विंडमिल (आपोआप कागद घेणारं मशीन) मिटते शिंपल्यासारखीच, पण अंगाने दणकट. तिचा शिअर कॉलर (मुद्दाम कमजोर ठेवलेलं कडं) जादा दाबाला तुटतो तो मशीन वाचवायला. त्याजागी भरीव पोलादी कॉलर बसवणारे 'मिस्त्री' मला तरी कळलेले नाहीत.

घेण्याआधी चार कोपऱ्यांत एकाच उंचीचे मोठे खिळे लावून ठसा काढा. खालचा खोल, वरचा फिका आला तर पॅकिंग (प्लेटनवरचा कागदांचा थर) जास्त झालंय. बिजागरी खाली, म्हणून खालची कड आधी टेकते. आधी पॅकिंगचा कागद काढा, प्लेटनमागच्या बोल्टना नंतर हात लावा. डाव्या-उजव्यातला फरक बोल्टने निघालाच नाही, तर बुश (फिरत्या दांड्यांभोवतीची धातूची कडी) झिजलेत. साइड आर्मवर वेल्डिंग दिसलं तर सरळ घरची वाट धरा.

रोलर सरस-ग्लिसरीनचे असतील तर आपल्या पावसात ते फुगणारच. टोकांच्या चाकांपेक्षा रोलर जाड झाला की तो खिळ्याच्या माथ्याखाली शाई ढकलतो आणि 'ध', 'भ' यांची पोटं भरतात. बरेच जण शाई कमी करत बसतात. त्याने नुसता ठसा फिका होतो. रबरी रोलर घाला, चाकांचा व्यास रोलरइतकाच ठेवा, चाकं धावतात ते रूळ झिजले असतील तर त्यांवर टेप चढवा.