आधी गच्ची, मग फरशी

सोलापूरला मुरारजी पेठेत माझं माहेर आहे. आजोबांच्या वेळच्या काळ्या दगडाच्या भिंती, पुढे वडिलांनी घातलेला स्लॅब आणि घरभर शहाबादी फरशी. दादा-वहिनींनी यंदा घराचं काम काढलंय. कंत्राटदारानं दिलेल्या अंदाजपत्रकात सगळ्यात मोठा आकडा व्हिट्रिफाइड टाइल्सचा आहे. त्याखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग, मग पुढच्या बाजूचं एलिव्हेशन, म्हणजे छज्जे तोडून सपाट दर्शनी भाग, काच आणि एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे पॅनेल. अगदी तळाशी गच्चीसाठी एकच ओळ: वॉटरप्रूफिंग, गरज वाटल्यास.

घरात वाद पेटलाय तो मात्र फरशीवरून. आई म्हणते शहाबादीला हात लावू नका, वहिनी म्हणते ती गेलीच पाहिजे. मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते. त्या घरात रोज वावरायचं आहे वहिनीला, मला नाही, त्यामुळे नणंदेनं किती बोलावं याची मर्यादा मला कळते. तरीही या घराविषयी मला मनापासून काही सांगायचंय, कारण वादाची सुरुवातच उलट्या टोकाकडून झाली आहे.

सोलापूरचं बैठं घर तापतं ते वरून. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य तिथे अगदी डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. पारा 42-43 अंशांवर. त्या उन्हात राखाडी स्लॅब दिवसभर तापत राहतो आणि साठवलेली उष्णता रात्री खोलीत सोडतो. बाहेर वारं सुटलेलं असतं, आत पंखा छताखालची गरम हवाच अंगावर ढकलत असतो. केंद्र सरकारनं 2018 साली नव्या निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छताची मर्यादा अशी आहे: आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल, तर एका चौरस मीटरमधून 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून जास्त जाते. त्या छताखाली कितीही महागाची टाइल घातली तरी मेमधल्या रात्रीची झोप सुधारणार नाही.

श्टुटगार्टमध्ये डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 18 अंश वर चढतो. तिथली सगळी धडपड उष्णता घरात कोंडून ठेवण्याची. 1973च्या तेलटंचाईनंतर जर्मनीनं 1977 साली इमारतींच्या उष्णतारोधनाचा पहिला नियम केला. आज जुन्या घराच्या बाहेरच्या भिंतींच्या एक दशांशापेक्षा जास्त भागाचा गिलावा नव्यानं करायचा, तर त्या भागाला उष्णतारोधक थर देणं बंधनकारक आहे. त्यामुळे दुरुस्तीला हात घालणारा माणूस आधी विचारतो, उष्णता जाते कुठून? रंग आणि टाइल त्यानंतर. ही सवय मला फार मोलाची वाटते.

पण तिथलं सगळं उचलून आणावं असं मी म्हणणार नाही. नव्या हीटिंगमध्ये 65 टक्के अपारंपरिक ऊर्जा हवी, या कायद्यावरून 2023मध्ये जर्मनीत केवढी भांडणं झाली. पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसं घाबरून गेली, आणि कायदा लागू होण्याआधी अनेकांनी घाईघाईनं गॅसचे बॉयलर बसवून घेतले. इतका मोठा खर्च कायद्याच्या धाकानं करायला लावला की माणसं पळवाट शोधतात. मुरारजी पेठेत मला तसला कायदा नको आहे. अंदाजपत्रकाच्या ओळी तेवढ्या वर-खाली व्हाव्यात.

खरी खंत छज्ज्यांची. काचेचा दर्शनी भाग 'फॉरेनसारखा' दिसतो असं दादाला वाटतं. जर्मनीतल्या घरांना मोठ्या काचा आहेत हे खरं, कारण हिवाळ्यातलं तिरपं ऊन आत यायला हवं असतं. उन्हाळ्यात मात्र हीच माणसं खिडकीबाहेरचं गुंडाळतं शटर सकाळीच खाली ओढतात. ऊन काचेच्या आत शिरलं की पडदा लावून फारसा उपयोग नाही, ते काचेबाहेरच अडवावं लागतं. आपला छज्जा तेच काम करतो, तेही वीज, दोरी, मोटर काही नसताना. तो तोडायला आपण पैसे मोजणार, आणि मग आत एसी लावणार. पश्चिमेच्या भिंतीला उतरतं ऊन थेट लागतं, तिथे छज्जासुद्धा अपुरा पडतो. तिथे बांबूचा पडदा किंवा जाळीची भिंत हवी, काच तर अजिबात नको.

खिडक्यांचंही तसंच. स्लायडिंग खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. सोलापूरची हवा कोरडी, सूर्य मावळल्यावर बाहेर चांगला गारवा येतो, आणि तो घरात घ्यायचा तर अख्खी खिडकी उघडायला हवी. जुन्या लाकडी चौकटींना वाळवी लागली आहे आणि धूळ-डासांचा त्रास वहिनीलाच होतो, हे मान्य. मग पूर्ण उघडणाऱ्या पल्ल्यांची यूपीव्हीसी, म्हणजे टणक प्लॅस्टिकची खिडकी घ्या आणि तिला जाळीचा वेगळा पल्ला लावा.

ओपन किचनसाठी मधली भिंत काढायचं चाललंय. ती भिंत भार पेलणारी आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं येऊन पाहिल्याशिवाय तिला छिन्नीसुद्धा लागू नये.

आता गच्ची. आधी तडे बुजवून नीट वॉटरप्रूफिंग. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, करायचा असेल तर त्याचं वजन बरंच असतं, जुन्या स्लॅबला ते झेपेल का हेही त्याच इंजिनिअरला विचारावं. जमलं तर उष्णतारोधक बोर्ड, आणि वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत फेकतो, राखाडी काँक्रीट ते गिळतं. पैसे कमी पडले तर निदान चुन्याचा हात, दर होळीच्या सुमारास, कारण सोलापूरच्या धुळीत पांढरं फार दिवस पांढरं राहत नाही. सौर पॅनेलचाही विचार करावा. 2024मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, आणि पॅनेलखालच्या स्लॅबला सावली मिळते ती वेगळीच. फॉल्स सीलिंग या सगळ्यानंतर. गळतं छत पीओपीनं झाकलं की ओल आत कुजत राहते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पाण्याचा विचार तर अंदाजपत्रकात कुठेच नाही. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, बाकी भिस्त बोअरवर. बोअरच्या जड पाण्यानं काळ्या चकचकीत नळांवर आठवड्यात पांढरे डाग पडतात. मोठ्या तबकडीच्या शॉवरला दाबही हवा आणि पाणीही पुष्कळ. ते पैसे हौद मोठा करण्यात घालावेत.

राहिली फरशी. इथे मी वहिनीच्या बाजूची आहे. शहाबादी तेल पिते, सांध्यांत घाण अडकते, आणि पुसायला वाकतं कोण, हे आईनं आणि मीही ध्यानात घ्यायला हवं. स्वयंपाकघरात व्हिट्रिफाइडच बरी, ती अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. फक्त ग्लॉसी नको, मॅट घ्यावी. आई आता भिंतीला हात लावून चालते. जर्मनीत टाइलच्या खोक्यावर घसरण्याचा वर्ग छापलेला असतो, आर 9 ते आर 13, आकडा वाढेल तशी पकड जास्त. सोलापुरातही दुकानदाराकडे अँटी-स्किडची माहिती मागावी, आणि नमुन्यावर पाणी ओतून पाय ठेवून बघावा. मधल्या खोलीतली आणि ओसरीवरची शहाबादी मात्र राहू द्यावी. सांधे नव्यानं भरून मशीननं पॉलिश केली की तीही पुसायला सोपी होते, आणि दुपारी तिच्यावर नुसती चटई टाकून झोपता येतं.

कामाचा क्रम दादानं अजून ठरवलेला नाही. मृगाच्या आत गच्ची पूर्ण व्हायला हवी, म्हणजे पहिल्या पावसातच ती कुठे गळते ते कळेल आणि आतल्या कामाचे पैसे तोवर हातात राहतील. टाइल्सचा रंग वहिनीनं निवडावा, त्यात मी पडणार नाही. छज्जे पाडायला मात्र माझा विरोध आहे, आणि तो मी दादाला पुन्हा पुन्हा सांगणार आहे.