मिशन बेच्या त्या संध्याकाळबद्दल : खानापूरच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार.

अमेरिकेत सॅन दिएगोतल्या मिशन बे या खाडीवर १९७४ साली झालेल्या ट्रायथलॉनवरचा, म्हणजे धावणं, सायकल आणि पोहणं अशा एकत्र शर्यतीवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि चुकले तिथे कान धरलात, मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं, की तिला ‘जगातली पहिली’ म्हणणं चूक आहे. जेमतेम ८ किलोमीटर सायकल आणि ४६ माणसं, ही कसली शर्यत, खरी सुरुवात आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची. आणि धावून, सायकल मारून दमलेल्या माणसाला पाण्यात उतरवणाऱ्या शर्यतीचं कौतुक करणं बेजबाबदारपणाचं आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो जिवाशी आहे आणि तिथे तुमचंच बरोबर आहे. काही वर्षांपूर्वी जांबोटी रोडवरून सायकल मारून आले आणि तशीच स्विमिंग टँकमध्ये उतरले. दुसऱ्याच फेरीत उजव्या पोटरीत गोळा आला. पोटरी दगडासारखी घट्ट, अंगठा आत वळलेला, नाकातोंडात पाणी. काठ चार हातांवर होता म्हणून निभावलं. खाडीत काठ कुठला? आज बहुतेक ठिकाणी पोहणं पहिलं घेतात ते याचसाठी. पाण्यात ताज्या अंगानं उतरावं, दमायचं ते जमिनीवर. मिशन बेत पोहण्याचा सर्वांत लांब सलग टप्पा २३० मीटरच्या आसपास होता, तरी मागे राहिलेल्यांना अंधारानं गाठलं आणि गाड्यांच्या दिव्यांचा उजेड पाण्यावर टाकावा लागला. ते दृश्य मी रम्य करून लिहिलं. ती ऐनवेळची तजवीज होती. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

‘पहिली’ हा शब्दही काढला. फ्रान्समध्ये १९२०च्या दशकात धावणं, सायकल आणि मार्न नदी पोहून जाणं अशा शर्यती होत होत्या. १९७४च्या शर्यतीला ट्रायथलॉन हे नाव होतं, एवढंच म्हणायला हवं होतं.

पण ४६ माणसांवरून तिला हलकी ठरवलंत, ते मात्र मला मान्य नाही. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा सुरुवातीला १५ जण होते, पोचले १२. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला. आणि ती आयर्नमॅन सुरू करणारे जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे नवरा-बायको चार वर्षं आधी मिशन बेतल्या त्याच ४६ जणांत होते! तुम्ही ज्याला सुरुवात म्हणता, त्याची वाट या छोट्या शर्यतीतून जाते.

शिवाय तो दिवस बघा : २५ सप्टेंबर, बुधवार, संध्याकाळ. आठवड्याच्या मधल्या दिवशी दिवसभराचं काम उरकून येता येईल अशी वेळ. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन यांनी ती भरवली, प्रवेश फी १ डॉलर. धावणं साधारण साडेनऊ किलोमीटर, तेही तुकड्यातुकड्यांत आणि काही भाग अनवाणी, गवता-वाळूतून. पोहणं सगळं मिळून ४६० मीटर. ८ किलोमीटर सायकल तर आमच्या वेळी मच्छे-पिरनवाडीची मुलं टिळकवाडीतल्या कॉलेजला जाऊन-येऊन सहज मारायची. मी स्वतः पोहायला शिकले ती येळ्ळूरला मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. कोच नाही, गॉगल नाही. अशा माणसाला आयर्नमॅनचे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि ४२.२ धावणं हे आकडे सांगितले की तो नमस्कार करून घरी जातो. मिशन बेचे आकडे ऐकले तर निदान विचार करतो. लेख मी त्याच माणसासाठी लिहिला होता, आणि अंतर छोटं म्हणून कुणी त्याला हसू नये असं मला फार वाटतं.

लेख वाचून आमच्या गल्लीतल्या दोघीजणी घरी आल्या होत्या. एक शाळेत शिकवते, दुसरीचं शिवणकाम आहे. ४६० मीटर म्हणजे टँकच्या किती फेऱ्या, हे विचारायला. टँक २५ मीटरचा असेल तर अठरा आणि वर थोडं, म्हटलं. आता आठवड्यातून तीनदा जातात. तुमची प्रतिक्रिया त्यांनाही वाचून दाखवली. आधी पोहतात, मग सायकल काढतात.