ढवळा, गाळा, फेका

भाच्यानं पुण्याहून कॅम्पारी ही इटलीची कडू लाल दारू आणि गोड व्हर्मूथ, म्हणजे मसाल्याची वाइन आणली, जिन लातुरात मिळाली. निग्रोनी हे कॉकटेल करायचं ठरलं. कृती म्हणाल तर पोरखेळ: तिन्ही 30-30 मिली, बर्फात ढवळा, गाळा, वर संत्र्याची साल. 1919 च्या सुमाराला फ्लॉरेन्समधल्या कुण्या काउंट निग्रोनीनं आपल्या अमेरिकानोत, म्हणजे कॅम्पारी-व्हर्मूथ-सोड्याच्या पेयात, सोड्याऐवजी जिन घालायला लावली, अशी आख्यायिका आहे. काउंटनं लातूरचा मे पाहिला नसावा.

मेमध्ये संत्रं कुठलं? जालन्याची मोसंबी घेतली. तिला जीआय मानांकन आहे, इटलीवाल्यांनी तक्रार करू नये.

ही घुसळायची नाही, ढवळायची. घुसळलं की हवा शिरते, पेय गढुळतं. हलक्या हातानं अर्धा मिनिट फिरवलं की गारही होतं आणि बर्फाचं थोडं पाणी उतरून जिनचा तिखटपणा मरतो. पण लाइट गेलेली, फ्रीजपासून ओट्यापर्यंत येतायेताच बर्फानं निम्मा जीव सोडलेला.

"रवी दिऊ का?" आई दारातून म्हणाली. काढा चाललाय असा तिचा समज. वास घेतला. "काडेचिराईत हाय वाटतं. पी, भूक लागंल."

इटलीत हे भूक चाळवायलाच, जेवणाआधी पितात. आई बरोबर बोलत असताना मधे कशाला पडा?

खरी पंचाईत गाळल्यावर. ढवळलेला बर्फ फेकायचा म्हणे, ग्लासात नवा घ्यायचा!

"फेकायलाव?" बायको.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हापासून आमच्याकडं तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला जातं, कपड्यांचं संडासला, आणि पाहुण्याला अर्धा पेला भरून देतात, लागलं तर पुन्हा. त्या घरात बर्फ फेका म्हणायला माणूस काउंटच लागतो.

तिनं गाळणीतला बर्फ उचलला आणि थेट कूलरच्या टाकीत ओतला. तेवढ्यात लाइट आली. मी पहिला घोट घेतला. कडू, मग गोड, मग परत कडू. मोसंबीच्या सालीचं तेल तेवढं छान लागलं. शेजारचे काका पेपर मागायला आले ते कूलरपुढंच बसले. बराच वेळ उठेनात.

"वाळा नवा बसवला का ओ?" म्हणाले. "कुठल्या दुकानातून आणला?"