'साक्षीला गेलात तर फसाल' म्हणणाऱ्या फॉरवर्डचा समाचार

माझ्या भाचीला तिच्या कंपनीच्या अंतर्गत समितीचं (ऑफिसातल्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी) साक्षीसाठी बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्डही आला. तिचा मला मेसेज: "मावशी, हे खरंय का गं? मग मी नाहीच जात." तोच मजकूर मलाही इतर ग्रुपांवरून येऊन गेला होता, पण मी न वाचताच पुसला होता. आता वाचावा लागला.

वर लाल घंटा, खाली 'कायदेतज्ज्ञांचा सल्ला' (कोण तज्ज्ञ, ते गुलदस्त्यात) आणि मध्ये पाच मुद्दे. ऑफिसातल्या लैंगिक छळाच्या तक्रारीत साक्ष दिलीत की नाव जगजाहीर होतं, माहिती अधिकारात कोणीही ते काढू शकतं. आरोपीचा वकील तुमची उलटतपासणी घेतो. तुमचा नाव-पत्ता आरोपीच्या हातात पडतो. तक्रार सिद्ध झाली नाही तर साक्षीदारावरही कारवाई होते. म्हणून 'मला काही आठवत नाही' एवढंच सांगा आणि मोकळे व्हा.

माहिती अधिकाराचं आधी उरकते. कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला ऑफिसांत सगळे 'पॉश' म्हणतात, त्याचं कलम १६ सुरूच होतं ते माहिती अधिकार कायद्याला बाजूला सारून. तक्रारीतला मजकूर, तक्रारदार बाई, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार या सगळ्यांची ओळख आणि पत्ते, चौकशीची माहिती, समितीच्या शिफारशी, त्यावर झालेली कारवाई, यातलं काहीही जनतेला किंवा माध्यमांना कोणत्याही प्रकारे कळवायचं नाही. पीडितेला न्याय मिळाला एवढं सांगायला मुभा आहे, पण त्यातून तिची किंवा साक्षीदाराची ओळख पटता कामा नये. शिवाय भाचीची कंपनी खासगी. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज हा महाभाग टाकणार कोणाच्या टेबलावर? आणि प्रकरण पुढे कोर्टात गेलं तर? २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी अशाच एका प्रकरणात पक्षकारांच्या नावांऐवजी नुसती अक्षरं वापरायची आणि आदेशात साक्षीदारांची नावं-पत्ते लिहायचे नाहीत, असं घालून दिलं होतं.

वकिलाचा मुद्दा तर हास्यास्पद आहे. या कायद्याच्या नियमावलीतला नियम ७ म्हणतो की समितीपुढे कोणत्याही टप्प्यावर कोणत्याही बाजूला वकील आणता येत नाही. समितीला साक्षीदाराला बोलावण्याचे, शपथेवर विचारण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तेवढ्यावरून कोणीतरी सिनेमातलं कोर्ट उभं केलं. मी काही वर्षं अशा समितीवर बाहेरची सदस्य होते. साधी मीटिंग रूम, अध्यक्ष बाई धरून किमान तीन सदस्य, लॅपटॉपवर टाइप होणारा जबाब. तो वाचून दाखवायचा, चुकलेलं दुरुस्त करायचं, पानापानावर सही घ्यायची. समोरच्याचे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे, प्रश्न आम्ही लेखी मागवायचो आणि आम्हीच विचारायचो.

नाव-पत्त्याच्या मुद्द्यावर मात्र या फॉरवर्डला अर्धे मार्क द्यावे लागतात, जिवावर आलं तरी. त्याच नियम ७ प्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात, सोबत साक्षीदारांची नावं आणि पत्ते. त्यातली एक प्रत कामाच्या सात दिवसांत समोरच्याकडे जाते. म्हणजे कलम १६ चं कुलूप चव्हाट्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. समितीवाले 'सगळं गुप्त राहील हं' म्हणून मोकळे होतात आणि हे सांगत नाहीत. मग असल्या मजकुराला रान मोकळं मिळतं. पण घरचाच पत्ता द्या असं नियमात कुठेही नाही, ऑफिसचा चालतो.

आणि समोरासमोर बसवून साक्ष घेतलीच पाहिजे, असंही नाही. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजचं प्रकरण १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मुलींच्या वसतिगृहात घुसलेल्या मुलांविरुद्ध ३६ मुलींनी गोपनीय तक्रार केली. चौकशी समितीने मुलींचे जबाब त्या मुलांच्या माघारी घेतले आणि मुलांना दोन शैक्षणिक वर्षांसाठी काढून टाकलं. हा नैसर्गिक न्यायाचा, म्हणजे आपली बाजू मांडायची पुरेशी संधी मिळण्याच्या तत्त्वाचा, भंग आहे, असं मुलांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. समोर आणलं असतं तर मुली बोलल्याच नसत्या, आणि बोलल्या असत्या तर पुढे त्यांना त्रास झाला असता, हे न्यायालयाने विचारात घेतलं. तो निकाल 'पॉश'च्या कितीतरी आधीचा, कॉलेजच्या शिस्तीबद्दलचा. आज समोरच्याला साक्षीतला मजकूर साधारणपणे कळवावा लागतो. पण मजकूर कळणं वेगळं आणि साक्षीदार त्याच्यासमोर खुर्चीत बसणं वेगळं.

कायदा साक्षीदाराच्या बाबतीत तोकडा आहे, हेही खरं. चौकशी चालू असताना बदली किंवा रजा मागायची सोय तक्रारदार बाईला आहे, साक्षीदाराला नाही. साक्षीदारांचाही छळ होऊ नये, असं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या १९९७ च्या विशाखा निकालात स्पष्ट होतं; कायद्यात ते तितकं ठसठशीत उतरलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत ते आहे, म्हणजे कॉलेजांचं बरं आहे. आणि चौकशी हाताळणाऱ्यानेच माहिती फोडली, तर सेवा नियम नसतील तिथे दंड किती? ५,००० रुपये. हसावं की रडावं!

पण माझं डोकं फिरलं ते चौथ्या आणि पाचव्या मुद्द्याने. कलम १४ नीट वाचा. तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावरसुद्धा कारवाई होत नाही. तक्रार दुष्ट हेतूने किंवा खोटी आहे हे माहीत असून केली, हे चौकशीत ठरावं लागतं. साक्षीदारावर कारवाईची शिफारस होऊ शकते ती खोटी साक्ष दिली किंवा बनावट, दिशाभूल करणारा कागद दिला तरच. तक्रारीचा निकाल काय लागला याच्याशी तिचा संबंध नाही. आता सांगा, सगळं लख्ख आठवत असताना 'आठवत नाही' म्हणणं म्हणजे काय? कायदा साक्षीदाराला ज्या एकाच गोष्टीबद्दल धरतो, नेमकी तीच करायला हा तज्ज्ञ शिकवतोय.

आणि त्याचा फटका बसतो कोणाला? असले प्रकार चार माणसांसमोर होत नाहीत. प्रत्यक्ष पाहणारं सहसा कोणी नसतंच. असते ती केबिनमधून बाहेर येताना तिचा चेहरा पाहिलेली एखादी, किंवा त्याच रात्री जिला तिने फोन केला ती मैत्रीण. शक्यतेचं पारडं कुठे झुकतं हे समिती अशाच तुकड्यांवरून ठरवते. त्यातल्या दोघीतिघींनी 'आठवत नाही' म्हटलं की तक्रार कोसळली, आणि मग हेच ग्रुप 'बघा, खोट्या तक्रारी करतात' म्हणायला तयार. खरंच तारीख आठवत नसेल तर तसं सांगावं. 'तारीख नक्की नाही, पण त्या आठवड्यात ऑडिट चालू होतं' हीसुद्धा साक्षच.

भाचीला सांगितलं, जायचं. पण आधी समितीला लेखी विचारायचं: माझ्या जबाबाची प्रत कोणाला जाणार, त्यावर पत्ता ऑफिसचा टाकाल का, तो माणूस त्या वेळी खोलीत असेल का, आणि नंतर कोणी डिवचलं किंवा कामात अडवलं तर मी कोणाला कळवायचं. उत्तर तोंडी आलं तर 'मेल करा' म्हणायचं.