पोटात हवा भरत नाही, बुवा!

गणपती जवळ आले की सिंधुदुर्गात भजनाच्या तालमींबरोबर एक मेसेजही फिरू लागतो. मुलांनी पोटात श्वास भरून कोंडून धरावा, मध-आल्याने स्वरतंतू धुऊन घ्यावेत, आवाज फुटला की दोन वर्षं गाणं बंद. आणि शरीरशास्त्र शिकवू नये, जुन्या गवयांना कुठे ते ठाऊक होतं!

आधी पोटाचं बघू. हवा फुफ्फुसांपलीकडे जातच नाही. त्यांच्याखाली श्वासपटल हा घुमटाकार स्नायू असतो. श्वास घेताना तो सपाट होत खाली सरकतो, खालचे अवयव दाबले जातात, म्हणून पोट पुढे येतं. 'पोटात भर' म्हटलं की पोर पोट मुद्दाम फुगवून ताठ धरतं आणि भजनातल्या गजराच्या पहिल्याच ओळीला गळा आवळतो. भजन शिकवणारे बुवा 'बेंबीपासून सूर काढ' म्हणतात तेव्हा ते जाणीव सांगत असतात. तिला शरीराचा नकाशा समजणं ही फॉरवर्ड करणाऱ्यांची कमाल.

खरं कसब श्वास सोडण्यात आहे. तेव्हा श्वासपटल सैल पडत असतं, आणि हवा जपून सोडायचं काम पोटाचे नि फासळ्यांमधले स्नायू करतात. मुलांना पडवीत उताणं झोपवा, पोटावर वही ठेवा आणि 'स्ऽऽ' करत ती सावकाश खाली येऊ द्या. मग उभं करून हात खालच्या फासळ्यांवर ठेवायला सांगा. खांदे वर गेले की टोका. कोंडणं मात्र नको. दम कोंडताना बहुतेक मुलं स्वरतंतूच घट्ट मिटून घेतात, मग त्यातून सूर निघणार कसा?

मध-आल्याचं थोडक्यात. स्वरतंतू असतात स्वरयंत्रात; गिळताना ते वरून झाकलं जातं, घोट अन्ननलिकेत जातो. स्वरतंतूंपर्यंत थेंब पोचलाच तर ठसका लागतो. घशाला बरं वाटतं म्हणून खुशाल द्या.

वयात येताना स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. मुलग्यांचा आवाज साधारण एक सप्तक उतरतो. मुलींचाही थोडा उतरतो, पण तिकडे कुणाचं लक्ष नसतं. गाणं बंद कशाला? पट्टी उतरवा, आरामात लागतील तेवढेच सूर गाऊ द्या. नेमक्या त्याच वयाच्या पोराला डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, कोरससाठी पुढे बसवून रात्रभर तार सप्तकात ओढतात, त्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. आवाज तीन आठवड्यांनंतरही बसलेलाच असेल तर काढे पुरे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

राहिले जुने गवई. 1854 मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले ते मान्युएल गार्सिया यांनी, आणि ते गाणं शिकवणारे होते, डॉक्टर नव्हे. आपल्या मुलांना आरसाही नको. दोन बोटं कंठावर ठेवून आवंढा गिळायला सांगा, स्वरयंत्र वर सरकताना लागेल. मग काळी पाचचा (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा) सा गुणगुणायला लावा. बोटांना जी थरथर जाणवते ती सेकंदाला सुमारे 233 वेळा होते.